दस्तुरी नाक्याच्या पलीकडे

मुरबाडहून नेरळला जायच्या दोन वाटा. एक कल्याणला जाऊन आगगाडीने, सरळ आणि कंटाळवाणी. दुसरी म्हसा-कशेळ्यावरून, वळणांची आणि खड्ड्यांची, पण डोंगरांच्या सोबतीने जाणारी. २०२२ च्या दिवाळीत आईला घेऊन मी या दुसऱ्या वाटेने माथेरानला निघालो. आईने सत्तरी ओलांडली, पण माथेरान काही पाहिले नव्हते. मुंबईचे लोक दीडशे वर्षे ज्या डोंगरावर हवा खायला येत आहेत, तो डोंगर आमच्यापासून अर्ध्या दिवसाच्या अंतरावर, आणि आमच्या घरातले कोणी तिथे गेलेले नाही! शाळेच्या सहली नेणारा मी; माझी मला लाज वाटली आणि बेत ठरला.

नेरळची छोटी गाडी तीन वर्षांच्या खंडानंतर त्याच आठवड्यात पुन्हा सुरू झाली होती. साहजिकच तिच्या तिकिटांवर झुंबड होती. आम्हाला तिकीट मिळाले नाही, तेव्हा टॅक्सी करून घाट चढलो. वर दस्तुरी नाका लागला. येथे मोटारीचे राज्य संपते. कितीही मोठा शेठ असो, त्याने आपली गाडी येथे उभी करायची, नगरपरिषदेचा माणशी कर भरायचा आणि पुढचे अडीच-तीन किलोमीटर लाल मातीतून पायी तरी जायचे, नाहीतर घोड्यावरून, नाहीतर तेव्हा चालत असलेल्या हातरिक्षातून. हातरिक्षा म्हणजे दोन चाकांची गाडी. एक माणूस पुढून ओढणार आणि एक-दोघे मागून रेटणार.

आईचे गुडघे दुखरे. मी रिक्षा ठरवली. रिक्षावाला पन्नाशीचा असेल. त्याने गादी झटकली आणि म्हणाला, "बसा आजी."

आई जागची हलली नाही. "नाय रे बाबा," ती म्हणाली, "माणसाच्या जिवावर एकदा गेले, तेवढं बास झालं. आता जायचं ते मेल्यावरच."

रिक्षावाल्याला तिचे बोलणे उमगले नसेल. मला मात्र उमगले. माझ्या धाकट्या भावाच्या वेळी आईला आमच्या पाड्यावरून मोठ्या रस्त्यापर्यंत डोलीतून नेले होते. श्रावणातली रात्र, पाऊस, आणि वाट म्हणजे ओहोळाचे पात्र. बांबूला घोंगडी बांधलेली, चार माणसे पाळीपाळीने खांदा देणारी. त्यांतल्या एकाचा पाय शेवाळलेल्या दगडावरून घसरला आणि मोडला. आई वाचली, भाऊ वाचला, पण तो माणूस पुढे जन्मभर लंगडत चालला. आमच्या घरी तो आला की चहाचा पहिला कप त्याचा, पाहुण्यांचा नंतर. आईला माणसाच्या खांद्याचे मोल पुस्तकातून कळलेले नव्हते.

ती पायी चालू लागली. मीही तिच्यामागून निघालो. झाडीखालून, हळूहळू, दर वळणावर बसत. हवा थंड, धुराचा वास नाही, भोंग्याचा आवाज नाही. मोटारीला मज्जाव केल्यामुळे किती मोठी गोष्ट शिल्लक राहिली आहे, हे पावलोपावली पटत होते. परंतु त्याच वाटेवरून आमच्या शेजारून रिक्षा जात होत्या. त्यांत धडधाकट तरुण मंडळी बसलेली आणि पुढे घामाने निथळणारी माणसे. मोटार थांबवली म्हणजे ओझे थांबत नाही. ते दुसऱ्या कोणाच्या तरी पाठीवर जाते. मग ते कोणाच्या पाठीवर जावे, हे कोणी ठरवायचे? त्या दिवसापासून या प्रश्नाने माझी पाठ धरली आणि जुने कागद चाळायला लावले. त्यांत जे सापडले ते दिवाळीच्या फराळाबरोबर वाचकांपुढे ठेवतो आहे.

आरंभ आमच्या मुरबाडपासूनच करतो. आमच्या तालुक्यात दोन हजार वर्षांहून जुना एक रस्ता आहे आणि त्यावरून आजही चाक जात नाही. तो म्हणजे नाणेघाट. वैशाखऱ्याच्या बाजूने चढायला लागले की दगडी पायऱ्यांची वाट डोंगराच्या कुशीत शिरते आणि शेवटी कातळ कोरून काढलेल्या अरुंद नळीतून माणूस घाटमाथ्यावर, जुन्नरच्या अंगाला निघतो. सातवाहनांच्या काळी कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरात उतरलेला माल या घाटाने वर जाई. माथ्यावरच्या लेण्यात राणी नागनिकेच्या नावाने ओळखला जाणारा ब्राह्मी लेख आहे. यज्ञांमध्ये दक्षिणा म्हणून दिलेल्या गाई, घोडे, हत्ती आणि कार्षापणे यांची त्यात गणती आहे. अंक लिहिण्याच्या आपल्या पद्धतीचा इतिहास सांगणारे पंडित या लेखाचे नाव घेतल्याशिवाय पुढे जात नाहीत. घाटाच्या तोंडाशी एक प्रचंड दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकीत, अशी परंपरा सांगते.

मुलांना तेथे नेले की ती त्या रांजणात डोकावतात आणि विचारतात, "गुरुजी, एवढा भरत होता?" मी सांगतो, भरत असेलही, पण त्याहून अधिक भरलेल्या होत्या त्या बैलांच्या पाठी आणि हमालांची डोकी. लेखात राजाचे नाव आहे, राणीचे नाव आहे, दिलेल्या गाईंचा आकडा आहे. घाट चढणाऱ्या पाठींचा आकडा मात्र कोठेही कोरलेला नाही. रस्त्यांच्या इतिहासात हे असेच चालत आले आहे. नाक्यावरचा हिशेब लिहून ठेवतात. वाटेवरचा घाम कोणी लिहून ठेवीत नाही.

आता माथेरानकडे वळू. मे १८५० मध्ये ठाण्याचा कलेक्टर ह्यू पॉइंट्झ मॅलेट हा पायथ्याच्या चौक गावाच्या बाजूने हा डोंगर चढला. आज माथेरान रायगड जिल्ह्यात असले तरी त्या काळी कर्जतचा मुलूख ठाणे जिल्ह्यातच मोडत होता. म्हणजे हा आमच्याच जिल्ह्याचा साहेब. त्याला वरची हवा आवडली. त्याने वाट केली, घर बांधले. १८५५ मध्ये मुंबईचा गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन येथे आला, आणि मग काय विचारता? जेथे गव्हर्नर जातो तेथे मुंबईची प्रतिष्ठित मंडळी मागोमाग जातात. पारशी, बोहरी, गुजराती, इंग्रज, सगळ्यांचे बंगले उठले. पुस्तकांतून मॅलेटने माथेरानचा 'शोध लावला' असे लिहिलेले असते. धनगर, ठाकूर आणि कातकरी या डोंगराच्या अंगाखांद्यावर त्याआधीपासून राहत होते. पण आपण काही शोधून काढले आहे, हे त्या बिचाऱ्यांच्या ध्यानात आले नाही!

या नव्या हवेच्या ठिकाणी जायचे कसे? आगगाडी १८५४ मध्ये कल्याणला पोहोचली आणि १८५६ मध्ये नेरळवरून खोपोलीपर्यंत गेली. नेरळपर्यंतची सोय झाली. पुढचा डोंगर मात्र तट्टू, पालखी आणि मंचील यांच्यावर. मंचील हा शब्द आता कोकणातही विसरत चालला आहे. बांबूला टांगलेली झोळी आणि ती वाहणारे भोई. म्हणजे आमच्या पाड्यावरची डोलीच, फक्त वर छत आणि आत साहेब.

हे भोई कोण असत? घाटाखालच्या गावांतले, भात झोडून झाले की हाताला काम नसणारे. त्यांना डोंगराने पोट दिले, हे खरे आहे. ते नाकारण्यात अर्थ नाही. हवा खायला येणाऱ्यांचा हंगाम म्हणजे यांच्या कमाईचा हंगाम. ही गोष्ट पुढच्या सगळ्या वादात ध्यानात ठेवावी लागते. ओझे वाहणे ही कमीपणाची गोष्ट आहे असे आपण शहाणे लोक सहज म्हणून जातो; ज्याच्या घरची चूल त्या ओझ्यावर पेटते, त्याला ते इतके सोपे नसते.

या शतकभराच्या वाहण्यात पहिला मोठा फरक पडला तो १९०७ साली. मुंबईचे बोहरी उद्योगपती सर आदमजी पीरभॉय यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी नेरळपासून माथेरानपर्यंत दोन फुटी रूळ टाकले. १९०४ मध्ये काम सुरू झाले, तीन वर्षांत पुरे झाले, आणि त्या काळचे सोळा लाख रुपये खर्च आला. पैसा वडिलांचा, ध्यास मुलाचा. डोंगराला वळसे घेत वीस किलोमीटरांवर जाणारी ही गाडी म्हणजे चाकाने डोंगराशी केलेली तडजोड होती. ती डोंगर फोडीत गेली नाही, त्याच्या अंगावरून सावकाश चढली. शिवाय तिने प्रवाशांचे ओझे माणसाच्या पाठीवरून काढून इंजिनावर घातले. मोटार नको असेल तर दुसरी कोणती युक्ती करता येते, याचे उत्तर अब्दुल हुसेन यांनी तेव्हाच देऊन ठेवले होते. पण गाडी पावसाळ्यात बंद राही. २६ जुलै २००५ च्या महापुरात तर तिचा मार्गच वाहून गेला आणि ती पुन्हा धावायला २००७ उजाडले. ती बंद पडली की ओझे पुन्हा पाठीवर.

येथे थोडे थांबून एका माणसाचे नाव घ्यायला हवे. माथेरान आणि मुरबाड यांना जोडणारा खरा रस्ता त्यानेच आपल्या पायांनी काढला. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, म्हणजेच भाई कोतवाल. १ डिसेंबर १९१२ रोजी त्यांचा जन्म माथेरानचा, एका गरीब नाभिक कुटुंबातला. हवा खायला येणाऱ्यांची सेवा करून जगणारे जे माथेरान होते, त्या माथेरानातला हा मुलगा. शिकून वकील झाला, माथेरान नगरपालिकेचा उपाध्यक्ष झाला. पायथ्याच्या शेतकऱ्यांची व आदिवासींची सावकारी पाशातून सुटका व्हावी म्हणून त्याने धान्यपेढ्या काढल्या, गावोगाव शाळा काढल्या. १९४२ च्या आंदोलनात 'आझाद दस्ता' उभारून त्याने मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले. सरकारने त्याला पकडून देणाऱ्यास इनाम लावले. तो डोंगरवाटांनी फिरत राहिला, जेथे पोलिसांच्या मोटारी जाऊ शकत नव्हत्या. अखेर २ जानेवारी १९४३ च्या पहाटे, आमच्या मुरबाड तालुक्यात, सिद्धगडाच्या रानात पोलिसांनी त्यांना गाठले. भाई कोतवाल आणि त्यांचे साथी हिराजी पाटील तेथे हुतात्मा झाले.

दर वर्षी २ जानेवारीला पहाटेच्या अंधारात सिद्धगडाखाली लोक जमतात. मीही शाळेची मुले घेऊन जातो. मुलांना मनोऱ्यांची गोष्ट आवडते, बंदुकीची आवडते. मला धान्यपेढीची आवडते. माथेरानच्या माणसाने माथेरानच्या पाहुण्यांचा विचार न करता, त्या पाहुण्यांना वर वाहून नेणाऱ्यांच्या घरातल्या कणगीचा विचार केला, ही ती गोष्ट. आज माथेरानच्या रस्त्याचा वाद चालतो, तेव्हा हा माणूस असता तर काय म्हणाला असता, असे मनात येते. त्याच्या तोंडी काही घालण्याचा मला अधिकार नाही. पण त्याने आधी कोणाकडे पाहिले असते, हे सांगायला इतिहासकार लागत नाही.

आता मोटारीकडे येतो. नेरळहून घाटरस्ता झाला तो दस्तुरीपाशी थांबला, आणि वरच्या वस्तीत मोटार नाही हा दंडक कायम राहिला. ४ फेब्रुवारी २००३ रोजी केंद्र सरकारने माथेरान आणि भोवतालचा सुमारे २१५ चौरस किलोमीटरांचा मुलूख पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला. जुन्या रिवाजाला कायद्याचे बळ आले. रुग्णवाहिका आणि अग्निशामक गाडी एवढे अपवाद सोडले तर तेव्हा वर यंत्राचे वाहन नव्हते.

यावर जे वाद झाले ते ऐकण्यासारखे आहेत, कारण प्रत्येकाच्या म्हणण्यात काही ना काही खरे आहे. निसर्गप्रेमी म्हणतात, ही जांभ्याची माती आहे. चाकांनी ती उखडेल, पावसाने वाहून जाईल, झाडांची मुळे उघडी पडतील, आणि एकदा एक मोटार सोडली की हजार येतील. आज महाबळेश्वरच्या बाजारात सुटीच्या दिवशी मोटारींच्या रांगेत अडकलेल्या माणसाला हे निराळे पटवावे लागत नाही. अश्वपाल म्हणतात, साडेचारशेच्या वर घोडे आहेत, त्यांच्यामागे तेवढी घरे आहेत. ती कोठे जातील? वर राहणारी चार-साडेचार हजार वस्ती म्हणते, तुमची दोन दिवसांची शांतता तुम्हाला गोड, पण आम्हाला गॅसची टाकी, तांदळाचे पोते, आजारी म्हातारा आणि शाळेत जाणारे पोर हे सगळे याच वाटेने न्यायचे आहे. खालून वर आलेली प्रत्येक वस्तू आम्हाला महाग पडते. आणि चौथा आवाज सगळ्यांत उशिरा ऐकू आला. तो हातरिक्षा ओढणाऱ्यांचा. परवाने चौऱ्याण्णव, पण ओढणारे हात त्याहून कितीतरी जास्त. ते म्हणाले, मोटार येऊ नये हे आम्हालाही मान्य आहे; पण तुमची शुद्ध हवा आमच्या छातीच्या भात्यावर किती दिवस चालणार?

हा वाद आपल्याकडचाच आहे असे नाही. अमेरिकेतल्या न्यूयॉर्क शहरात वॉशिंग्टन स्क्वेअर नावाचे एक लहानसे उद्यान आहे. त्याच्या मधून मोटारी जात. शहराचे रस्ते आखणारे मातब्बर अधिकारी रॉबर्ट मोझेस यांना तो रस्ता आणखी मोठा करायचा होता. १९५२ पासून शर्ली हेझ नावाची चार मुलांची आई त्याविरुद्ध उभी राहिली. तिचे मागणे मोठ्या रस्त्याऐवजी लहान रस्ता असे नव्हते. रस्ताच नको, असे होते. पुढे जेन जेकब्ज यांच्यासारख्या शेजारणी तिला मिळाल्या. अधिकारी म्हणाले, हा रस्ता बंद केलात तर भोवतालच्या गल्ल्या मोटारींनी तुंबतील. १९५८ मध्ये चाचणी म्हणून रस्ता बंद केला. गल्ल्या तुंबल्या नाहीत. पुढच्या वर्षी तो कायमचा बंद झाला.

त्याच शहरातल्या सेंट्रल पार्कची गोष्ट आणखी बोधप्रद आहे. १८५८ मध्ये ओल्मस्टेड आणि व्हॉक्स यांनी त्या विस्तीर्ण उद्यानाचा आराखडा केला, तेव्हा मोटार जन्मालाही आलेली नव्हती. तरी त्यांनी शहराच्या आरपार जाणाऱ्या गाड्यांसाठी चार रस्ते जमिनीच्या पातळीखाली खोदून नेले, म्हणजे वर फिरणाऱ्याच्या पायांत चाक येऊ नये. पुढे मोटारी आल्या आणि बागेच्या आतल्या वाटाही त्यांनी कामावर जाण्याची आडवाट म्हणून बळकावल्या. त्या वाटांवरून मोटार पुरती हटायला २०१८ चा जून महिना उजाडावा लागला. खालचे चार रस्ते आजही चालू आहेत. आमच्या जिल्ह्यातही बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या पोटातून ठाण्याकडे जोडबोगदा काढण्याचे काम हाती घेतले गेले आहे. वर रान, खाली मोटार, अशी तीच कल्पना. ती रानाला मानवते की नाही, हे पुढची पिढी सांगेल.

पण सेंट्रल पार्कमधून मोटारी गेल्या तरी भांडण संपले नाही. आता तेथे वाद चालतो तो प्रवाशांना फिरवणाऱ्या घोडागाड्यांचा. म्हणजे मोटार गेल्यावर तेथल्यांनाही विचारावे लागले, मग गाडी ओढतो कोण? रस्ता बंद करणे हा वादाचा पूर्वार्ध असतो. उत्तरार्ध नेहमी त्यानंतर सुरू होतो.

माथेरानच्या उत्तरार्धाला तोंड फुटले ते हातरिक्षा ओढणाऱ्यांच्या संघटनेमुळे. धूर न सोडणारी, आवाज न करणारी, विजेवर चालणारी लहान रिक्षा आम्हाला चालवू द्या, एवढेच त्यांचे मागणे. त्यासाठी ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. मे २०२२ मध्ये न्यायालयाने चाचणीला परवानगी दिली; त्याच डिसेंबरपासून तीन महिने चाचणी झाली. शाळेची मुले, म्हातारी माणसे यांना ती सोयीची वाटली. अश्वपालांनी विरोध केला. रिक्षा चालायची तर मातीच्या रस्त्यावर फरशा बसवाव्या लागणार, म्हणून निसर्गप्रेमींनी हरकत घेतली. कोणी शंका काढली की या रिक्षा उद्या धनिकांच्या हाती जातील आणि ओढणारा ओढतच राहील. ही शंका मला सर्वांत महत्त्वाची वाटली. न्यायालयालाही ती वाटली असावी; कारण २०२४ च्या जानेवारीत त्याने बजावले की ई-रिक्षा हातरिक्षावाल्यांनाच मिळाल्या पाहिजेत, त्यांच्या गेलेल्या रोजगाराची भरपाई म्हणून.

आणि मग ६ ऑगस्ट २०२५ चा निकाल आला. सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने सांगितले की माणसाने माणसाला ओढण्याची ही रीत मानवी प्रतिष्ठेला बाधा आणणारी आहे, ती सहा महिन्यांत बंद करा. पंजाबातल्या रिक्षावाल्यांच्या खटल्यात १९८० मध्येच या न्यायालयाने अशाच आशयाचे विचार मांडले होते, याची आठवण देऊन, स्वातंत्र्य मिळून इतकी वर्षे झाल्यावरही हे चालावे याबद्दल खंत व्यक्त केली. ओढणाऱ्यांचे पुनर्वसन करा, त्यांना ई-रिक्षा देण्याची योजना आखा, आणि पैसा नाही ही सबब सांगू नका, असे सरकारला बजावले. फरशा घालायच्या त्या दस्तुरी नाक्यापासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच्या मुख्य रस्त्यावर. आतल्या वाटांवर आणि रानवाटांवर नाहीत. म्हणजे मोटारीला नाही ते नाहीच, आणि माणसाच्या पाठीलाही सुटका. दोन्ही गोष्टी एकदम साधता येतात, हे देशातल्या सर्वांत मोठ्या न्यायासनाने लेखी सांगितले.

निकाल लिहिणे एक आणि तो रस्त्यावर उतरणे दुसरे, हे आपण जाणतो. घोड्यांवर जगणाऱ्यांचा प्रश्न आहे, मातीचा आहे, रिक्षांची संख्या किती असावी याचा आहे. तरी मला या निकालात एक दिशा दिसते. माझ्या शाळेतल्या मुलांना मी ती अशी सांगतो: रस्ता बंद करायचा तर जरूर करा, पण तो बंद केल्यावर ज्याच्या पाठीवर भार पडणार, त्याला आधी विचारा. हा नियम माथेरानला लागू आहे, तसा शहरातल्या बागेलाही लागू आहे. बागेतून मोटार काढलीत, तर रोज त्या वाटेने कामाला जाणारा माणूस कोठून जाणार, याचे उत्तर तयार ठेवा. ते नसेल तर चांगली गोष्टही कोणाच्या तरी माथी मारलेली होते, आणि माथी मारलेली गोष्ट टिकत नाही.

आता शेवटची एक गोष्ट, आमच्या बाजूची. शहापूर आणि मुरबाड या आमच्या तालुक्यांत असे पाडे आजही आहेत की जेथे रस्ता पोहोचलेला नाही. पावसाळ्यात वर्तमानपत्र उघडले की एखाद्या पाड्यावरून बाळंतीण बाई डोलीतून नेल्याची बातमी वाचायला मिळते. याच शहापुरातल्या तानसा तलावाचे पाणी १८९२ पासून मुंबईला जाते. पाण्याला वाट काढण्यासाठी डोंगर आडवे आले नाहीत. बाळंतिणीची वाट मात्र अजून ओहोळातून जाते. माथेरानला रस्ता बंद म्हणून माणूस माणसाला ओढत आला. आमच्याकडे रस्ताच नाही म्हणून माणूस माणसाला वाहतो. एका ठिकाणी मोटार न येण्याची चैन आहे, दुसऱ्या ठिकाणी मोटार न येण्याची शिक्षा आहे. पण दोन्हींकडे खांदा एकाच जातीच्या माणसाचा आहे, गरीब माणसाचा. रस्ता खुला असावा की बंद असावा, हा प्रश्न म्हणूनच एकट्या रस्त्याचा नसतो. आमच्या पाड्याला मोटार पोहोचलीच पाहिजे. माथेरानच्या माथ्यावर ती पोहोचता कामा नये. या दोन वाक्यांत मला विरोध दिसत नाही, कारण दोन्हींच्या मुळाशी तोच खांदा आहे.

त्या दिवाळीत आम्ही परत निघालो तेव्हा ऊन कलले होते. दस्तुरीपाशी तोच रिक्षावाला आपल्या जोडीदारांबरोबर झाडाखाली बसला होता. आईने त्याला ओळखले. पिशवीतून फराळाचा डबा काढला, करंज्या आणि चकल्या त्यांच्यापुढे ठेवल्या, आणि स्वतःही तेथेच दगडावर टेकली. त्यांची घरे कोठली, शेती किती, पोरे शाळेत जातात की नाही, अशी तिची चौकशी सुरू झाली. मी घड्याळ पाहत उभा.

निघताना तो म्हणाला, "आजी, कोर्टानं सांगितलंय. आता विजेची रिक्षा येणार म्हणतात. तेव्हा तरी बसाल ना?"

"बसेन की," आई गुडघ्यावर हात टेकून उठत म्हणाली. "तू चालव, मी बसेन."